फोरिड माशा ओळखणं आणि त्यांचं वर्णन करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो येतो, खाली एकच ओळ असते: ‘ही कोणती?’ त्याला उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येतो, आणि तोही बहुधा आधी कुणीतरी विचारलेला असतो. म्हणून हे सगळं एकदा एका जागी लिहून ठेवलं आहे. शब्दांचा एक घोळ आधीच मिटवू. जुन्या मराठी विज्ञानग्रंथांत ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस. वर्तमानपत्रांनी ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीजसाठी रूढ केला. इथे प्रजाती म्हणजे स्पीशीज, आणि जीनसला जीनसच म्हटलं आहे.

१. फोरिड माशी म्हणजे नेमकी कोणती? चिलटं तीच का?

चिलट हा शब्द आपण डोळ्यांसमोर घोंघावणाऱ्या कुठल्याही बारीक किड्याला लावतो, त्यामुळे काही चिलटं फोरिड असतात आणि पुष्कळशी नसतात. फोरिड हे द्विपंखी कीटकांमधलं एक कुल आहे. बहुतेकींची लांबी १ ते ४ मिमी असते. छाती कुबडासारखी वर आलेली आणि डोकं खाली झुकलेलं, म्हणून त्यांना कुबडी माशी असंही म्हणतात. पण खरी खूण चालीत आहे. काचेवर ती तुरुतुरु धावते, थबकते, दिशा बदलून पुन्हा धावते. बोट जवळ नेलं तरी आधी पळून बघते, उडायचं नंतर.

आजवर ४,०००हून अधिक प्रजातींना नावं मिळाली आहेत. त्यांतल्या १,६००च्या वर एकट्या मेगासेलिया या जीनसमध्ये आहेत. तुमच्या पुढ्यातली माशी मेगासेलियाच निघण्याची शक्यता दांडगी, आणि दुर्दैवानं ओळखायला सगळ्यात किचकट तीच.

२. फळमाशी, मोरीतली माशी आणि फोरिड यांतला फरक कसा करू?

पंख बघा. फोरिडच्या पंखात जाड, गडद शिरा पुढच्या कडेला दाटीनं गोळा झालेल्या असतात आणि साधारण पंखाच्या मध्यापाशी संपतात. बाकीच्या पंखात बारीक, फिकट अशा तीन-चार शिरा तिरक्या जातात आणि त्यांना जोडणारी एकही आडवी शीर नसते. हे एकदा नीट पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

फळमाशीचे डोळे बहुधा लाल असतात, ती संथ तरंगते आणि तिच्या शिरा पंखभर नीट पसरलेल्या असतात. मोरीतली पतंगमाशी केसाळ पंख छपरासारखे मिटून बसते. कुंडीतल्या मातीतून निघणारी बुरशीमाशी लांब पायांची आणि लांब शृंगिकांची (म्हणजे डोक्यावरच्या मिशांची), दिसायला डासासारखी. फसवते ती शेणावरची बारीक माशी, कारण तीही पळते. तिच्या मागच्या पावलाचा पहिला सांधा फुगीर असतो. फोरिडचं पाऊल सडपातळ आणि मागची मांडी मात्र चपटी, रुंद.

३. एवढ्याशा माशीची प्रजाती ओळखून काय मिळतं?

प्रश्न बहुतेकदा थट्टेनं येतो, पण त्याला सरळ उत्तर आहे. कॉनिसेरा टिबियालिस ही पुरलेल्या प्रेतांवर वाढते, तिला इंग्रजीत शवपेटीची माशी म्हणतात आणि न्यायवैद्यक तपासात तिची नोंद घेतली जाते. मेगासेलिया हाल्टेराटा अळंबीच्या लागवडीत नुकसान करते. मेगासेलिया स्कॅलॅरिस कुजक्या पदार्थांपासून प्रयोगशाळेतल्या कीटकांच्या पेट्यांपर्यंत कशावरही वाढते, क्वचित माणसाच्या उघड्या जखमेतही. स्यूडॅक्टिऑन या जीनसच्या माद्या जिवंत मुंगीत अंडं घालतात आणि अळी शेवटी त्या मुंगीचं डोकं धडावेगळं करते. म्हणूनच उपद्रवी आगमुंग्यांविरुद्ध त्या मुद्दाम सोडल्या गेल्या. या चौघी एका कुलातल्या, पण चौघींच्या तऱ्हा चार. नुसतं ‘फोरिड’ म्हणून भागत नाही ते यामुळे.

४. मोबाइलवरच्या फोटोवरून प्रजाती सांगाल का?

नाही. कुल सांगता येईल, नशीब असेल तर जीनस. मखमली काळा फोरा किंवा शंकूसारख्या शृंगिकांचा कॉनिसेराचा नर चांगल्या फोटोत कळून जातो. मेगासेलियाच्या फोटोखाली कुणी ठणकावून प्रजातीचं नाव लिहिलं असेल तर ते कशावरून, हे विचारा. उत्तर ‘दिसतेच तशी’ असेल तर नाव विसरून जा.

५. नमुने कसे पकडायचे आणि कशात ठेवायचे?

तंबूसारखा मॅलेज सापळा सर्वांत जास्त देतो. साबणाचं पाणी भरलेली पिवळी ताटली स्वस्त आणि आश्चर्यकारकरीत्या चांगली. काचेवरच्या माशा तोंडानं ओढायच्या नळीनं टिपता येतात, मात्र नळीत बारीक जाळी हवीच. तरीही सर्वांत मोलाचे नमुने वाढवलेले: कुजकी अळंबी, मेलेली गोगलगाय असं काही डबीत ठेवून त्यातून निघालेल्या माशा. नर-मादी एकत्र मिळतात आणि अळी कशावर जगते तेही कळतं.

साठवण अल्कोहोलमध्ये. नुसती रचना बघायची असेल तर ७० ते ८० टक्के, शरीर लवचीक राहतं. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के आणि थंड जागा. त्यात पाय लवकर तुटतात, तेवढं सोसायचं. टाचणीला वाळवलेल्या फोरिडचं डोकं आणि पोट आक्रसतं, नेमके हवे ते भाग दुमडून जातात. चिठ्ठी डबीच्या आत, पेन्सिलीनं लिहिलेली: ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, पद्धत, पकडणाऱ्याचं नाव. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी एक दिवस गळून पडते, आणि नेमकी चांगल्या डबीचीच पडते.

६. स्लाईड करावीच लागते का?

मेगासेलियासाठी हो. मोठ्या, ठळक जीनसांत अल्कोहोलमधला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली उलटसुलट करून निभावतं. मेगासेलियात ज्या केसांवरून निर्णय होतो ते ४०० पट मोठे केल्याशिवाय मोजता येत नाहीत.

माझी पद्धत सांगते. डीएनए घ्यायचा असेल तर तो आधी, कारण पुढची पायरी त्याचा नाश करते. मग पोट १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये, आतला मांसल भाग विरघळेपर्यंत. मिनिटांवर जाऊ नका, मधूनमधून बघत राहा. जास्त झालं तर कातडी काचेसारखी पारदर्शक होते आणि केस कुठे उगवलाय तेच दिसेनासं होतं. पंख, डोकं, छाती, पाय आणि पोट सुटे करून एकाच काचपट्टीवर छोट्या छोट्या वेगळ्या कव्हरस्लिपखाली ठेवायचे. डोकं समोरून दिसेल असं, छाती कुशीवर, नराचं जननांग डाव्या बाजूनं. सगळं एकाच मोठ्या कव्हरस्लिपखाली दडपलं की जाड छातीमुळे पंख तरंगतो आणि एकही गोष्ट धड फोकसमध्ये येत नाही.

नमुना काचेवर ज्यात बसवायचा त्या माध्यमाबद्दल मतं टोकाची आहेत. बर्लेसी द्रव सोपा, त्यात सूक्ष्म केस सुरेख उठून दिसतात, केंब्रिजचे फोरिड-तज्ज्ञ हेन्री डिझ्नी यांच्या शेकडो प्रजाती त्यातच बसवलेल्या आहेत. पण काही दशकांनी त्यात खडे धरतात, तो काळवंडतो. कॅनडा बाल्सम किंवा युपॅराल जास्त टिकतात, मात्र त्याआधी नमुन्यातलं पाणी पूर्ण काढावं लागतं. रोजच्या ओळखीला मी बर्लेसी वापरते. होलोटाईप, म्हणजे नव्या प्रजातीचं नाव ज्याच्यावर टेकतं तो एक नमुना, होण्याची शक्यता असली तर बाल्सम.

७. स्लाईड झाली. आता कोणत्या क्रमानं काय बघायचं?

आधी पायाच्या नडग्या. मधल्या आणि मागच्या नडगीवर बाकी लवेपेक्षा कितीतरी लांब-जाड असे सुटे ताठ केस असतील तर मेगासेलिया बाद. नसतील, फक्त वरच्या बाजूनं कुंपणासारखी बारीक केसांची रांग असेल, तर पुढे चला.

मग छातीची बाजू. पंखाच्या बुडाखाली किंचित पुढे एक पट्टी आहे. ती बोडकी आहे, तिच्यावर नुसती लव आहे, की लवेसोबत एखादा लांब ताठ केसही आहे? मेगासेलियाच्या ओळखकिल्ल्यांतला (पायरीपायरीनं ‘हे की ते’ विचारत नावापर्यंत नेणाऱ्या याद्यांतला) मोठा फाटा इथे फुटतो आणि नवख्यांची सर्वांत मोठी चूकही इथेच होते. खालून प्रकाश सोडला की पलीकडच्या बाजूचे केस अलीकडे उगवल्यासारखे दिसतात. बोडक्या पट्टीवर मी एकदा सात केस मोजले होते आणि दोन दिवस चुकीच्या फाट्यावर भटकत होते. फोकसचं चाक हळूहळू फिरवा. केसाचं मूळ आणि अलीकडची कातडी एकाच वेळी स्पष्ट झाली तरच तो केस या बाजूचा.

त्यानंतर छातीच्या मागच्या त्रिकोणी ढालीवरचे ताठ केस, दोन की चार. चार असले तर पुढची जोडी मागच्या जोडीएवढी की तिच्या निम्मी. मग कपाळ: शृंगिकांच्या अगदी वर दोन किंवा चार केस असतात, खालची जोडी लहान की जवळपास सारखी, आणि त्यांच्या वरच्या रांगा सरळ की कमानीत. मग पंख (त्याचं मोजमाप प्रश्न ८ मध्ये). पुढच्या पावलाच्या सांध्यांवर केसांची रांग कितव्या सांध्यापर्यंत जाते. मागच्या मांडीच्या बुडाखालचे केस बाकीच्यांपेक्षा लांब की आखूड. शृंगिकेच्या तिसऱ्या, फुगीर सांध्यात बुडालेले वाटोळे संवेदनकोष आहेत का, असतील तर केवढे.

नराचं जननांग मी मुद्दाम शेवटी ठेवते. निकाल तिथेच लागतो, पण सुरुवात तिथून केली की मन आधीच ठरवून बसतं आणि उरलेलं सगळं त्या निकालाला जुळवत जातं.

८. कोस्टल इंडेक्स आणि कोस्टल रेशो यांत माझा नेहमी गोंधळ होतो.

कोस्टा म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेची जाड शीर. तिची लांबी भागिले पंखाची लांबी, तो इंडेक्स. कोस्टा ०.९२ मिमी आणि पंख २.० मिमी असेल तर इंडेक्स ०.४६.

रेशो वेगळा. कोस्टाला मागून येऊन शिरा मिळतात, त्यामुळे तिचे तीन तुकडे पडतात: बुडाजवळच्या आडव्या शिरेपासून पहिल्या शिरेच्या टोकापर्यंत पहिला, तिथून पुढच्या, दोन फांद्या फुटलेल्या शिरेच्या वरच्या फांदीपर्यंत दुसरा, आणि तिथून खालच्या फांदीपर्यंत तिसरा. तिसऱ्याला १ धरून बाकीचे मांडायचे. तुकडे ०.४८, ०.२८ आणि ०.१२ मिमी असतील तर रेशो ४ : २.३३ : १.

यातली मेख अशी की तिसरा तुकडा सर्वांत लहान आणि भागायचं त्यानंच. तो ०.१२ ऐवजी ०.११ मोजला गेला तर ४ चे ४.३६ होतात. रेशोच्या दशांशांवर भांडण्याआधी हे आठवा. मोजमाप कुठून सुरू केलं तेही लिहा, कारण सगळे लेखक एकाच बिंदूपासून मोजत नाहीत.

९. महत्त्वाचा केसच गळून गेलाय. आता?

केस गळतो, खळगी राहते. लांब ताठ केसाची खळगी म्हणजे फिकट, ठळक कड असलेलं वर्तुळ. लवेची खळगी जेमतेम ठिपका. त्यामुळे संख्या आणि जागा नक्की सांगता येतात. लांबी मात्र गेली ती गेली. वर्णनात ‘तुटलेला’ असं स्पष्ट लिहा, दुसऱ्या बाजूचा बघून अंदाज ठोकू नका.

१०. रंगावरून काहीच ठरत नाही का?

थोडं ठरतं, पण फार नाही. अल्कोहोलमध्ये रंग फिकटतो, कोशातून नुकतीच निघालेली माशी फिकीच असते, आणि पोटॅशियम हायड्रॉक्साईडनंतर तर बोलायलाच नको. स्कॅलॅरिस या लॅटिन शब्दाचा अर्थ शिडीसारखी. पण पिवळसर पोटावर काळसर पट्टे दिसले की स्कॅलॅरिस, हे समीकरण डोक्यातून काढा. हॉल्टियर, म्हणजे मागच्या पंखांच्या जागी असलेली गाठीसारखी संतुलकं, पिवळी की तपकिरी हे मात्र किल्ल्यांत उपयोगी पडतं. ते स्लाईड करण्याआधी टिपून ठेवा.

११. माझ्याकडे फक्त मादी आहे. किल्ली नराचीच आहे.

मेगासेलियात हे दुखणं कायमचं आहे, असंख्य माद्यांना अजून जोडीदार सापडलेला नाही. उलट स्यूडॅक्टिऑन आणि अ‍ॅपोसेफॅलस यांच्या किल्ल्या मादीवर चालतात, कारण तिथे अंडी घालण्याच्या अवयवाचा आकार बोलका असतो आणि मुंग्यांवर घिरट्या घालताना हाती लागते तीही मादीच. म्हणजे आधी जीनस ठरवा, मग रडा.

जोडी जुळवायचे तीन रस्ते: मीलनावस्थेत पकडलेली जोडी, एकाच डबीतून वाढवलेली पिल्लावळ (प्रश्न ५), किंवा जुळणारा बारकोड (प्रश्न १३). एका सापळ्यात एका दिवशी पडले म्हणून नवरा-बायको ठरवणं हा रस्ता नव्हे.

१२. पंख नाहीत, पिसवेसारखी उडी मारते, आणि तुम्ही म्हणता माशी?

हो. प्यूलिसिफोराच्या माद्या बिनपंखी असतात, नावाचाच अर्थ पिसू वाहणारी असा काहीसा. पंख असलेला नर तिला उचलून नेतो आणि त्याच उड्डाणात मीलनही होतं. वाळवीच्या वारुळात राहणाऱ्या काही माद्यांचं पोट तर इतकं फुगतं की ती माशी आहे हे सांगूनही पटत नाही. अशा वेळी प्रश्न २ मधली पंखाची खूण कुचकामी. शृंगिका, मांडी आणि पावलांकडे वळा. अशा मादीला नर जुळवायचा असेल तर रूपावर जाऊच नका, दोघं एका कुलातले तरी आहेत का अशी शंका यावी इतकी ती वेगळी दिसतात.

१३. डीएनए बारकोड केला की हे सगळं टळेल ना?

काम हलकं होईल, टळणार नाही. सीओआय या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून नमुन्यांचे गट पाडता येतात. युगांडातल्या किबाले अरण्यातल्या एका मॅलेज सापळ्यातल्या हजारो फोरिड याच रीतीनं वाचल्या, तेव्हा ६००हून अधिक गट निघाले. २०१९ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. हातानं स्लाईडी करत बसलो असतो तर जन्म गेला असता.

पण गट म्हणजे प्रजाती नव्हे. वोल्बॅकिया नावाचा जिवाणू मादीकडून पुढे जाताना बारकोडची सरमिसळ करू शकतो. नुकत्याच वेगळ्या झालेल्या दोन प्रजातींचा बारकोड सारखा निघू शकतो. एकाच प्रजातीचे दूरदूरचे नमुने दोन गटांत पडू शकतात. शिवाय सार्वजनिक संग्रहातल्या पुष्कळ बारकोडांवर ‘मेगासेलिया’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे जुळलं तरी नाव मिळत नाही. माझा क्रम असा: बारकोडनं ढीग पाडायचे, प्रत्येक ढिगातले दोन-चार नमुने, शक्यतो एकमेकांपासून सर्वांत दूरचे, स्लाईडवर बघायचे. रचना आणि बारकोड एकच गोष्ट सांगत असतील तर पुढे जायचं. भांडत असतील तर तिसरं काही, दुसरं जनुक किंवा वाढवलेले नमुने, येईपर्यंत थांबायचं.

१४. किल्लीत कुठेच बसत नाही. नवी प्रजाती सापडली का?

सापडलीही असेल. २०१५ मध्ये हार्टॉप, ब्राऊन आणि डिझ्नी यांनी लॉस एंजेलिस शहरातून मेगासेलियाच्या ३० नव्या प्रजाती एका दमात नोंदवल्या, आणि सापळे लावले होते लोकांच्या परसांत. तेव्हा नवं सापडायला रानात जावं लागत नाही.

तरीही आधी बाकीच्या शक्यता संपवा. किल्ली दुसऱ्या प्रदेशाची असेल. ती छापल्यानंतर त्या गटात भर पडली असेल. कुठल्या तरी पायरीवर तुमचा पाय घसरला असेल. मी अशा वेळी किल्ली उलटी चालवते, जवळच्या तीन-चार प्रजातींची मूळ वर्णनं काढून नमुना त्यांच्याशी ताडते. मूळ वर्णन शंभर वर्षांपूर्वीचं आणि चार ओळींचं असेल तर संग्रहालयातून होलोटाईपचे फोटो मागवण्याला पर्याय नाही. तोवर चिठ्ठीवर ‘सीएफ’ लिहा, म्हणजे अमुकशी ताडून पाहा. किंवा ‘अ‍ॅफ’, म्हणजे अमुकच्या जवळची पण बहुधा वेगळी. यात कमीपणा काही नाही.

१५. एकाच नमुन्यावरून वर्णन केलं तर चालतं?

नियमात चालतं. पण एका नमुन्यात प्रजातीचा फरक कुठला आणि त्या एका माशीचं व्यंग कुठलं हे कळत नाही. डाव्या बाजूला तीन केस आणि उजव्या बाजूला चार असलेली फोरिड मी पाहिली आहे. ती अर्धीच हाती लागली असती तर? जननांग इतकं आगळं असेल की शंकेला जागाच नको, तर एकावरही करा. फरक फक्त रेशोत किंवा केसांच्या लांबीत असेल तर डबी कपाटात ठेवा आणि पुढच्या मोसमात त्याच जागी पुन्हा सापळा लावा.

१६. नाव अधिकृत केव्हा होतं? मी ते माझ्या पानावर टाकलंय.

पानावर टाकल्यानं काहीच होत नाही, उलट कुणीतरी ते उचलून वापरायला लागतं आणि घोळ होतो. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिची चौथी आवृत्ती २००० पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे नाव नवं असल्याचं स्पष्ट म्हणावं लागतं, इतरांपासून वेगळेपण दाखवणारं वर्णन लागतं, होलोटाईप ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार ते लिहावं लागतं. २०१२ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक प्रकाशनही चालतं, पण ते आधी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदवलेलं हवं आणि नोंदीचा पुरावा त्या लेखातच हवा. ‘हिचं नाव बहुधा असं ठेवावं लागेल’ अशी अटीची भाषा वापरलीत तर नाव ग्राह्य धरलं जात नाही.

एवढं झालं की नाव ग्राह्य. वर्णन उपयोगी होणं ही निराळी बाब. मला वर्णनात हवं असतं ते हे: प्रश्न ७ मधल्या प्रत्येक खुणेबद्दल एक वाक्य, किती नमुने मोजले आणि मापं कुठून कुठे गेली, पंखाचा व जननांगाचा मापपट्टीसह फोटो, आणि ‘सर्वांत जवळची अमुक, तिच्यापासून फरक असा’ हा परिच्छेद. हा परिच्छेद जमत नसेल तर मी लिहिणं थांबवते.

१७. नाव कुणाचंही ठेवता येतं? आणि लेखकाचं नाव कधी कंसात, कधी नाही, ते का?

स्वतःचं ठेवू नये, संहिता रोखत नाही पण लोक हसतात. कुणाला दुखावणारं ठेवू नये. विशेषण असेल तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे चालतं. मेगासेलिया स्त्रीलिंगी, म्हणून हाल्टेराटा, हाल्टेराटस नव्हे.

कंसाचं गणित सोपं आहे. लोव्ह यांनी १८६६ मध्ये स्कॅलॅरिसचं वर्णन फोरा या जीनसमध्ये केलं होतं, पुढे ती मेगासेलियात हलवली गेली. म्हणून आज ‘मेगासेलिया स्कॅलॅरिस (लोव्ह, १८६६)’ असं लिहितात. मेगासेलिया अ‍ॅब्डिटा हिचं वर्णन श्मिट्झ यांनी १९५९ मध्ये मेगासेलियातच केलं, त्यामुळे तिथे ‘श्मिट्झ, १९५९’, कंस नाही. कंस दिसला की ओळखायचं, या नावानं घर बदललं आहे.

१८. वर्णन छापून झालं आणि आता कळतंय की त्या प्रजातीला आधीच नाव होतं.

जुनं नाव राहील, तुमचं त्याचं सिनॉनिम होईल, म्हणजे त्याच प्रजातीचं मागे पडलेलं दुसरं नाव. तुमचा होलोटाईप, मापं, फोटो आणि बारकोड वाया जात नाहीत. पुष्कळदा चार ओळींच्या जुन्या वर्णनाला पहिल्यांदा धड चेहरा मिळतो तो असल्याच चुकीतून. दुसऱ्या कुणी दाखवून देण्याची वाट न बघता स्वतःच एक छोटी टीप छापा, दोन्ही होलोटाईप ताडून पाहिल्याचं त्यात लिहा, आणि संग्रहातल्या स्लाईडवरची जुनी चिठ्ठी तशीच ठेवून तिच्या शेजारी नवी चिठ्ठी लावा. जुनी काढू नका. मी एकदा काढली होती, आणि पुढे वर्षभर त्या स्लाईडचा नोंदवहीशी मेळ लागत नव्हता.